थीम पार्कचा एक दिवस: रांगेत कमी उभं राहायचं तर आधी काय बघायचं?

फिरस्ती_चप्पल

थीम पार्कात जायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिथली सगळ्यात भारी राइड कुठली?" मग जो तो तिकडेच धावतो आणि भर दुपारी "थांबण्याचा वेळ दीडशे मिनिटं" अशा पाटीखाली उभं राहून आपल्याच माणसांवर वैतागतो. मला विचाराल तर आधी वेगळंच काही शोधून काढायला हवं: ही राइड तासाला किती माणसं उरकते?

रांग किती लांबलचक दिसते त्यावर थांबण्याचा वेळ ठरत नाही. समजा, एका रोलर कोस्टरच्या गाडीत २४ जण बसतात आणि दर दोन मिनिटांनी गाडी सुटते. म्हणजे तासाला ७२० माणसं. तुमच्या पुढे ७२० जण असतील तर तुमचा नंबर तासाभराने लागणार. त्याच रुळांवर आणखी एक गाडी घालून दर मिनिटाला एक सोडली, तर तेवढीच रांग अर्ध्या तासात संपते. नळाची धारच बारीक असेल तर बादली लहान असून उपयोग काय!

ढोबळमानाने राइड दोन जातीच्या. एक जात कधी थांबतच नाही. डिस्नेच्या 'हाँटेड मॅन्शन'मध्ये काळ्या बग्ग्यांची साखळी अखंड चालू असते. बाजूला तेवढ्याच वेगाने सरकणारा पट्टा असतो, त्यावर पाय ठेवायचा आणि चालत्या बग्गीत बसायचं. कोणी अडखळलं तरच ती क्षणभर थांबते. ही पद्धत डिस्नेने १९६७ पासून वापरात आणली. अशी राइड तासाला दोन हजारांच्या वर माणसं सहज ओढते. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या होड्याही एकीमागून एक सुटत राहतात. बाहेर केवढी थोरली रांग दिसली तरी ती पुढे सरकत असते.

दुसरी जात म्हणजे आधी सगळे उतरणार, मग सगळे चढणार, मग एकेकाचा पट्टा तपासणार, मग कुठे ती फिरणार. 'डंबो'चे उडते हत्ती घ्या. एका चक्रावर १६ हत्ती आणि एकेका हत्तीत जेमतेम दोघं-तिघं. चक्कर संपते दीड-दोन मिनिटांत, पण चढ-उताराला जवळपास तेवढाच वेळ जातो. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कात २०१२ साली शेजारी दुसरं चक्र बसवलं, तेव्हा कुठे जरा बरं झालं. 'पीटर पॅन्स फ्लाइट'ही तासाला कमीच माणसं नेते. होड्या लहान, लहानथोर सगळ्यांना ती हवी, त्यामुळे दिसायला साधी असूनही तिची पाटी मोठमोठ्या कोस्टरांच्या बरोबरीने चढलेली असते.

म्हणून माझा क्रम असा: सकाळी उघडल्या उघडल्या संथ जातीच्या आणि लोकप्रिय अशा दोन-तीन राइड उरकायच्या. अकरा ते चार या वेळात न थांबणाऱ्या राइड, बंदिस्त थिएटरातले शो, जेवण. थिएटरात एका दमात शेकडो लोक आत घेतात, त्यामुळे तिथे रांग असली तरी तिची फिकीर नको. भारी कोस्टर सकाळी जमला तर उत्तम, नाहीतर थेट शेवटच्या तासात. दुपारी त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

बाकी अनुभवी मंडळींनी भर घालावी.

पावसाळी_ढग

वाचनखूण साठवली. आम्ही पुढच्या सुट्टीत सहा जण जातोय: आम्ही दोघं, आठ आणि चार वर्षांची मुलं आणि सासू-सासरे. "उघडल्या उघडल्या" म्हणजे नक्की किती वाजता? नऊला उघडत असेल तर नऊला पोचलं तर चालेल ना?

फिरस्ती_चप्पल

नाही चालणार. नऊला पोचलात तर पार्किंग, तिथून गेटापर्यंतची पायपीट, बॅग तपासणी, तिकिटाचं स्कॅनिंग असं सगळं करून आत पाय टाकेपर्यंत पावणेदहा होतात. तोवर 'डंबो'समोरही पोरांची गर्दी झालेली असते. मी तिकिटाच्या गेटाशी पाऊण तास तरी आधी उभी असते. बऱ्याच पार्कांत दिलेल्या वेळेच्या आधीच लोकांना मुख्य रस्त्यापर्यंत सोडतात, आणि पुढे दोरी लावून कर्मचारी उभे असतात. वेळ झाली की दोरी खाली. तेव्हा दोरीपाशी असणारे पहिल्या अर्ध्या तासात जे उरकतात, ते दुपारी करायला तीन तास लागतात. सहा जणांचं लटांबर घेऊन हे अवघड आहे, कबूल. पण दिवसातली एकच गोष्ट नेमाने पाळणार असाल तर ती ही पाळा.

कागदी_विमान

यात एक मेख आहे, ताई. डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांत उतरलेल्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात. त्यामुळे बाहेरून येणारा माणूस दोरीपाशी पहिला उभा राहिला तरी सगळ्यात गाजलेल्या राइडसमोर आधीच शे-दोनशे लोक असतात. अशा वेळी कळपाबरोबर धावू नये. आधीच्या अर्ध्या तासात पार्कचा कुठला भाग उघडत नाही ते पाहून ठेवायचं आणि दोरी सुटली की सरळ तिकडे जायचं. तिथली पाटी पाच-दहा मिनिटांची असते आणि गर्दी पोचेपर्यंत आपल्या दोन राइड होतात. हॉटेलातले पाहुणे मात्र तिथे यायला निघतात तेव्हा आपण त्यांच्या उलट दिशेने चाललेलो असतो. फार बरं वाटतं. :)

खडूस_काका

एवढं नियोजन म्हणजे सुट्टी की बदलीची ऑर्डर? आमच्या वेळी जत्रेतल्या चक्रात बसायचो, रांग दिसली तर दुसरीकडे जायचो. हलके घ्या, पण मिनिटामिनिटाचा कागद घेऊन पोरांना पळवणारे पालक मी पाहिलेत. पोरं रडतात, बाप घड्याळ बघतो.

फिरस्ती_चप्पल

काका, सहमत आणि असहमत. मिनिटाचा कागद माझ्याकडेही नसतो. सकाळच्या तीन राइडचा क्रम तेवढा पक्का, बाकी दिवस मोकळा. पहिले दोन तास कसून चाललं की उरलेला दिवस वाट्टेल तसा भटकता येतो. ज्यांना रांगेतच गप्पा मारत उभं राहायला आवडतं त्यांच्यासाठी हा धागा नाहीच.

आकडेमोड

मी धंद्याने प्रॉडक्शन इंजिनियर, त्यामुळे हा विषय म्हणजे माझं माहेर. लेखिकेचं गणित बरोबर आहे, पण एक घटक राहिला: पैसे देऊन घेतलेली दुसरी, जलद रांग.

आधी मूळ नियम. रांगेतली माणसं = एकक वेळात येणारी माणसं × प्रत्येकाचा सरासरी थांबण्याचा वेळ. जॉन लिटल यांनी १९६१ साली हे सिद्ध केलं, म्हणून लिटलचा नियम म्हणतात. बँक असो, दवाखाना असो की रोलर कोस्टर, तो सगळीकडे लागू पडतो. रांग स्थिर असेल तर सरळ भागाकार: पुढे ५०० माणसं आणि ताशी १००० उरकत असतील तर अर्धा तास.

आता मेख. समजा राइड ताशी १००० माणसं नेते. त्यातल्या ७०० जागा जलद रांगेला दिल्या तर साध्या रांगेला ३०० उरतात. तुमच्या पुढे ३०० जण दिसतायत. जलद रांग नसती तर १८ मिनिटं, आता तासभर. दोन रांगा जिथे एकत्र येतात तिथे एक कर्मचारी उभा असतो. तो तिकडून बरीच माणसं सोडतो, मग इकडून थोडी. तुम्ही आधीच्या वळणावर असाल तर हे दिसत नाही, नुसतं "एवढीशी रांग हलत का नाही" असं वाटत राहतं. म्हणून जिथे जलद रांग आहे तिथे साध्या रांगेची लांबी बघून अंदाज बांधू नका. पाटी बघा.

आणि पाटीचा आकडा कुठून येतो? डिस्नेच्या पार्कांत अधूनमधून रांगेच्या तोंडाशी कर्मचारी एखाद्याच्या हातात दोरी लावलेलं लाल कार्ड देतात. ते तिथे स्कॅन करतात, आणि राइडपाशी पोचल्यावर परत घेऊन पुन्हा स्कॅन करतात. मधला वेळ म्हणजे प्रत्यक्ष थांबणं. अडचण अशी की हे मोजमाप कार्डवाला आत शिरला तेव्हाच्या रांगेचं असतं, आत्ता शिरणाऱ्याचं नव्हे. सकाळी रांग झपाट्याने वाढत असते तेव्हा पाटी मागे पडते, संध्याकाळी रांग ओसरत असते तेव्हा पाटी उगाच मोठी दिसते. रात्री ६० ची पाटी पाहून परत फिरू नका, बऱ्याचदा त्याच्या निम्म्यातच काम होतं.

तिरपा_चष्मा

+१. रात्रीच्या पाटीबद्दल तर अगदीच.

आणखी एक. डिस्ने, युनिव्हर्सलसारख्या मोठ्या पार्कांत बंद व्हायच्या वेळेआधी रांगेत शिरलात की राइड मिळते, मग पार्क बंद होऊन कितीही वेळ होवो. त्यामुळे शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यात मोठ्या राइडच्या रांगेत शिरायचं. पार्क सुरू असताना फक्त दारात पोचायचंय, उभं राहायचंय ते बंद झाल्यावर. काही पार्क मात्र रांग आधीच बंद करतात, तेव्हा सकाळीच एखाद्या कर्मचाऱ्याला विचारून ठेवा.

दोन_पिल्लांची_आई

पावसाळी_ढग, तुमच्या चार वर्षांच्या पिल्लासाठी लिहितेय. दोन गोष्टी घरून करून निघा.

पहिली, उंची मोजा, बूट घालून. आणि प्रत्येक पार्कच्या स्वतःच्या पानावर अट बघा, नावावर जाऊ नका. फ्लोरिडातल्या 'स्पेस माउंटन'ला ११२ सेंटीमीटर लागतात, कॅलिफोर्नियातल्या त्याच नावाच्या राइडला १०२. रांगेच्या तोंडाशी एक खांब असतो, त्याला आडवी पट्टी. पोरगं पट्टीला डोकं लावायला टाचा उचलतं, कर्मचारी हसून म्हणतो "टाचा खाली". आमच्याकडे हा तमाशा पुष्कळदा झालाय. आणि तोंडाशी जमलं म्हणजे झालं असं नाही, बऱ्याच ठिकाणी बसायच्या आधी पुन्हा मोजतात. तेव्हा पाऊण तास उभं राहून, अर्ध्या सेंटीमीटरसाठी परत फिरायची वेळ येते आणि जो काही रडवा होतो तो विचारू नका. काठावरचं पोर असेल तर मी त्या राइडच्या रांगेत शिरतच नाही.

दुसरी, आळीपाळीची सोय. डिस्ने तिला 'रायडर स्विच' म्हणतं. एक मोठा माणूस पिल्लाजवळ बाहेर थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग पहिला जलद रांगेने जातो. दुसऱ्यांदा पूर्ण रांग नाही. पण राइडच्या तोंडाशी कर्मचाऱ्याला सांगून नोंद करावी लागते, नुसतं "मागून येतो" चालत नाही. युनिव्हर्सलमध्ये पद्धत वेगळी: सगळं कुटुंब रांगेतून जातं आणि बसायच्या जागेपाशी एक खोली असते, तिथे एकजण मुलाबरोबर थांबतो आणि मग अदलाबदल. म्हणजे लहानग्यालाही रांग काढावी लागते, पण खोलीत बसायला मिळतं. बऱ्याच ठिकाणी मोठ्या भावंडाला दोन्ही वेळा बसू देतात. तुमचा आठ वर्षांचा खूश.

'डंबो'बद्दल एक सांगायचं राहिलं: मॅजिक किंगडममध्ये तिथली रांग म्हणजे मुलांचं खेळघर आहे. नंबर येईपर्यंत पोरं घसरगुंडीवर. लेखिकेच्या गणिताने ती सकाळी उरकायला हवी, पण चार वर्षांच्या मुलीसाठी मी उलट ती दुपारीच ठेवते. एसीत बसून तिला तासभर खेळता येतं. :)

फिरस्ती_चप्पल

हे मला सुचलं नसतं. दुरुस्ती मान्य.

खडूस_काका

आता मात्र उपयोगाचं चाललंय. एक प्रश्न. ही जलद रांगेची तिकिटं घ्यावीत की नाही? मला तत्त्वतःच राग येतो. ज्याच्याकडे पैसे तो पुढे, हे काय? पूर्वी हे फुकट होतं असं ऐकलंय.

आकडेमोड

बरोबर ऐकलंय, काका. डिस्नेने १९९९ साली 'फास्टपास' आणला तेव्हा तो सगळ्यांना फुकट होता. राइडपाशी जाऊन यंत्रात तिकीट घालायचं, परत यायची वेळ छापून मिळायची. २०२१ च्या ऑक्टोबरात फ्लोरिडात त्याच्या जागी पैसे भरून घ्यायची सोय आली, तीच आता 'लायटनिंग लेन मल्टी पास' या नावाने चालते. २०२४ च्या जुलैपासून आधी तीन राइड निवडून ठेवता येतात, डिस्नेच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना सात दिवस आधी, इतरांना तीन दिवस आधी. पहिली वापरली की पुढची निवडायची. सगळ्यात गाजलेल्या एक-दोन राइड यातून वगळलेल्या असतात, त्यांचे पैसे वेगळे.

तत्त्वाबद्दल मी बोलत नाही, फक्त गणित. जलद रांगेने पार्कची क्षमता एका माणसानेही वाढत नाही. एकाची वाचलेली मिनिटं दुसऱ्याच्या खात्यात जातात. म्हणून रिकाम्या दिवशी ती घेण्यात अर्थ नाही, वाचवायला काही नसतंच. गर्दीच्या दिवशी तिचा फायदा मोठा, कारण त्याच दिवशी साध्या रांगेच्या वाट्याला कमी जागा येतात.

तिरपा_चष्मा

घ्यायचीच असेल तर ती संथ राइडवर वापरा. 'हाँटेड मॅन्शन'वर उधळू नका. लोक काय करतात, मिळाली ती वेळ घेतात, आणि शेवटी वीस मिनिटांची रांग चुकवायला पास घालवतात.

टोकियोच्या डिस्नेत 'प्रीमियर ॲक्सेस' नावाची जलद रांग २०२२ पासून आहे, पण ते पार्कात शिरल्यावरच ॲपवर एकेका राइडसाठी विकत मिळतं. म्हणजे तिथे तर सकाळी लवकर पोचणं आणखीनच महत्त्वाचं, कारण संख्या मर्यादित असते आणि गाजलेली राइड भराभर संपते. फोन चार्ज, नेट चालू, पैसे भरायचं कार्ड आधीच नोंदवलेलं, हे सगळं गेटाबाहेर उभं असतानाच करून ठेवा. आत शिरल्यावर कार्डाचे सोळा आकडे टाइप करत बसणारा माणूस गेलाच.

ओरलँडोच्या युनिव्हर्सलची गंमत वेगळी. तिथल्या काही महागड्या हॉटेलांत राहिलात तर 'एक्सप्रेस' पास खोलीबरोबर मिळतो. मोठ्या कुटुंबाने हॉटेलचा हिशोब करून पाहावा, कधीकधी एका रात्रीची खोली वेगवेगळ्या पासांपेक्षा स्वस्त पडते.

भर_उन्हात

व्हर्च्युअल रांगेबद्दल कोणीच बोललं नाही? सकाळी ॲपवर नंबर घ्यायचा आणि आपली पाळी आली की जायचं.

आकडेमोड

त्याची ख्याती डिस्नेच्या 'राइज ऑफ द रेझिस्टन्स' या स्टार वॉर्सवरच्या राइडने झाली. २०१९ च्या डिसेंबरात ती फ्लोरिडात सुरू झाली तेव्हा सकाळी गट-क्रमांक मिळवायला झुंबड उडायची. आता तिथे साधी रांग आहे. व्हर्च्युअल रांगेचा फायदा इतका की कोणी दहा तास उभं राहिलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये युनिव्हर्सलची 'हॅग्रिड'ची मोटरसायकल राइड उघडली, तेव्हा पहिल्या दिवशी दहा तासांची रांग लागली होती. नवी राइड सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे तिकडे फिरकू नये, हा त्यातला व्यवहारी धडा.

पण एक लक्षात घ्या. व्हर्च्युअल रांगेतला माणूस हवेत विरत नाही. तो त्या वेळात दुसऱ्या राइडच्या रांगेत उभा असतो. म्हणून ज्या दिवशी अशी रांग चालू असते तेव्हा शेजारच्या राइडच्या पाट्याही चढतात. नंबर मिळाला की पार्कच्या दुसऱ्या टोकाला जा.

कागदी_विमान

एकेकट्याची रांग विसरू नका! जिथे गाडीत एखादी जागा रिकामी राहते, ती भरायला एकेकटे लोक घेतात. मोठी मुलं किंवा दोघंच जण असाल आणि शेजारी-शेजारी बसायचा हट्ट नसेल तर याच्यासारखी सोय नाही. नेदरलँड्सच्या एफ्टेलिंगमध्ये 'बॅरन १८९८' मी असाच केला.

पण सगळीकडे सौदा सारखा नसतो. डिस्नेच्या 'स्मगलर्स रन'मध्ये यानात सहा जागा: दोन चालक, दोन तोफवाले, दोन इंजिनियर. यान हाकायला मिळतं ते फक्त चालकांना. एकेकट्याच्या रांगेतून गेलात तर जवळपास हमखास मागची इंजिनियरची जागा मिळते, म्हणजे वेळेवर बटणं दाबत बसायचं. आयुष्यात एकदाच जाणार असाल तर ही राइड साध्या रांगेने करा.

पावसाळी_ढग

केवढी माहिती! सासऱ्यांच्या गुडघ्याचं काय करायचं? त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. ते अपंगांसाठी पास असतो म्हणे.

दोन_पिल्लांची_आई

तो पास डिस्नेने २०२४ पासून बराच आवळलाय. आता तो मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासातल्या अडचणींमुळे साध्या रांगेत थांबणं जमत नाही अशांसाठी आहे, आणि आधी व्हिडिओ कॉलवर बोलून नोंद करावी लागते. गुडघ्यासाठी सरळ व्हीलचेअर भाड्याने घ्या. बहुतेक नव्या राइडच्या रांगांतून ती आत नेता येते. रांग तेवढीच, पण बसून. संकोच करू नका. अशा पार्कात दिवसभरात दहा-पंधरा हजार पावलं सहज होतात, गुडघ्याचा जीव जातो तो चालण्यातच. एका पार्कात आम्हाला भाड्याची शेवटची खुर्ची सकाळीच संपल्याचं सांगितलं होतं आणि काउंटरवरच्या बाईंच्या चेहऱ्यावरची माशी हलली नव्हती, तेव्हा दार उघडताच आधी खुर्ची, मग राइड. एकाने खुर्चीच्या काउंटरला जायचं, बाकीच्यांनी दोरीकडे.

आणि आजी-आजोबांना प्रत्येक रांगेत ओढू नका. दुपारी त्यांना एखाद्या थिएटरात बसवा.

भर_उन्हात

दिवस कुठला निवडायचा ते लिहितो. शाळा चालू असतानाचे मंगळवार-बुधवार-गुरुवार बरे, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पुढचं. मॅजिक किंगडममध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबरात हॅलोविनच्या वेगळ्या तिकिटाच्या रात्री असतात. त्या दिवशी साध्या तिकिटाच्या लोकांना संध्याकाळी सहाला बाहेर काढतात. आतषबाजी बघायला मिळत नाही म्हणून बरेच लोक तो दिवस टाळतात, आणि दिवसा रांगा चांगल्याच आटोक्यात असतात. आतषबाजीशी देणंघेणं नसेल तर हाच दिवस पकडा.

पाऊस आला तर पळू नका. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी विजा कडाडल्या की बाहेरच्या राइड बंद होतात आणि निम्मं पार्क घरी जातं. बंदिस्त राइडसमोर तेवढ्यापुरती गर्दी होते, म्हणून त्या वेळात जेवा. पाऊस थांबून बाहेरच्या राइड पुन्हा सुरू झाल्या की पहिला अर्धा तास आपला. रेनकोट घरून न्या, तिथे महाग.

बंद पडलेल्या राइडचंही तसंच. पाटी "तात्पुरती बंद" दाखवत असेल आणि तुम्ही जवळ असाल तर पाच-दहा मिनिटं आसपास रेंगाळा. सुरू झाली की ॲपवर आकडा उमटायच्या आत तुम्ही आत. पण आतल्या रांगेत अडकला असाल तर फार वेळ वाट बघू नका, कर्मचाऱ्याला विचारून बाहेर पडा. काही पार्क अशा वेळी नंतर थेट यायची चिठ्ठी देतात.

फिरस्ती_चप्पल

पावसाळी_ढग, तुमच्या सहा जणांसाठी माझा प्रस्ताव. सकाळी खुर्ची घेतली की आधी धाकटीच्या संथ राइड, कारण नऊला तिला उत्साह असतो आणि दुपारी झोप येते. 'डंबो' सोडून, ती दोन_पिल्लांच्या आईने सांगितल्याप्रमाणे दुपारी. मोठ्याच्या एका कोस्टरसाठी तुम्ही दोघं आळीपाळी करा. जेवण साडेअकराला, बाकीचे लोक साडेबाराला येतात तेव्हा तुमचं उरकलेलं असतं. दुपारी शो आणि न थांबणाऱ्या राइड, सगळ्यांनी एकत्र. परेड सुरू झाली की त्याच वेळी एखादी गाजलेली राइड, रस्त्यांवर जेवढी गर्दी जमते तेवढी रांगा सैल होतात. सासू-सासरे आणि धाकटी परेड बघतील, तुम्ही मोठ्याला घेऊन जा. संध्याकाळी मंडळी थकली तर ती हॉटेलवर जावीत, आणि तुमच्यापैकी एकाने आठ वर्षांच्याला घेऊन शेवटच्या तासात कोस्टर. यातलं निम्मं झालं तरी पुरे.

पावसाळी_ढग

ताई, छापून घेतेय. एक शेवटचं: बॅगा किती न्यायच्या? रांगेत नेता येतात का?

तिरपा_चष्मा

पार्कवर अवलंबून. डिस्नेत बहुतेक राइडवर बॅग पायाशी ठेवता येते. युनिव्हर्सलच्या काही कोस्टरांना फोनसुद्धा नेता येत नाही, लॉकरमध्ये टाकायचा आणि मेटल डिटेक्टरमधून जायचं. लॉकर ठरावीक वेळ फुकट, पण राइड संपल्यावर सामान काढायला तिथे पुन्हा झुंबड असते. 'व्हेलोसिकोस्टर'ला लॉकर दोन्ही बाजूंनी उघडतात आणि ते बसायच्या जागेजवळच आहेत, म्हणजे रांगेत बराच वेळ फोन हातात राहतो. बाकी ठिकाणी एक पातळ पिशवी पुरे. मोठी बॅग न्यायचीच असेल तर ती खुर्चीला मागे अडकवा आणि सासऱ्यांना सांगून ठेवा.

पावसाळी_ढग

सासरे म्हणतात, खुर्ची नको, पण बॅग सांभाळायला खुर्ची लागणार असेल तर घेऊ.

दोन_पिल्लांची_आई

झालं की मग. आधी बॅगेच्या नावानेच बसवा.